तीन कलमं आणि एक चाकू

आजचा विषय फलकावर वाचून दारातच दोघांनी मला विचारलं, "सर, हा इतिहासाचा विषय आहे का?" आहे. पण तो माझ्याकडे इतिहासाच्या वाटेने आला नाही, जालन्याच्या बाजारातून आला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जालना जिल्ह्यात एक तरुण आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचं नाही. वडिलांचं दुकान तो आता सांभाळतोय. दुकान म्हणजे विळे, खुरपी, सुऱ्या, अडकित्ते, कात्र्या, कलमाचे चाकू, धार लावायचे दगड. आठवड्यातले काही दिवस शहरात, बाकीचे दिवस आसपासच्या आठवडी बाजारांत, जमिनीवर ताडपत्री अंथरून. त्याने मला विचारलं, "सर, दुकानात शंभर पाती आहेत. पण माझ्या खिशात कोणतं ठेवू?"

मला आधी हसू आलं. मग त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. वडील खिशात खटक्याचा चाकू ठेवायचे. कोणावर उगारायला नाही, गिऱ्हाइकाला दाखवायला. खटका दाबला की पातं टक्कन बाहेर. पोरं जमायची, पोरांबरोबर मोठी माणसंही जमायची, आणि मग विळा-खुरपं विकलं जायचं. एका सणाच्या बंदोबस्तात त्यांची झडती झाली. चाकू निघाला. "मी चाकूच विकतो साहेब," हे त्यांचं उत्तर खरं होतं, पण त्या दिवशी दुकान बंद होतं, माल घरी होता आणि खिशात एकच चाकू होता, तोही तसला. दिवसभर बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं. गुन्हा वगैरे काही नाही. पण त्या दिवसानंतर वडिलांनी खिशात काहीच ठेवलं नाही. गाठोड्याची सुतळीसुद्धा दाताने तोडायचे. चाकूवाला माणूस, आणि सुतळी दाताने तोडतो! पोराला ते खुपत होतं. "काही ठेवलं तर भीती, नाही ठेवलं तर लाज," असं तो म्हणाला.

त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर जे शोधत गेलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की आपल्या खेड्यात चाकू *विकणारा* माणूस फार जुना नाही. चाकू करणारा जुना आहे. लोहार बलुतेदार होता. शेतकरी लोखंड आणून द्यायचा, कोळसा द्यायचा, बऱ्याचदा भाताही स्वतःच ओढायचा, आणि सुगीला लोहाराचं बलुतं ठरलेलं असायचं. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा, त्यात ही सगळी देवघेव तपशीलवार आली आहे. यात दुकान नाही, मांडणी नाही, गिऱ्हाइकाला पटवणं नाही. लोहाराने स्वतः कोणता चाकू वापरावा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण गावाने लोहार निवडलेलाच नसतो. गावाबाहेरून येणारे घिसाडी, गाडी लोहार बैलगाडीवर संसार घेऊन यायचे, पिंपळाखाली भट्टी मांडायचे. त्यांचंही तसंच. तुमच्या डोळ्यांदेखत लाल लोखंडावर घण पडतोय, मग आणखी पुरावा कसला मागायचा?

तयार माल रोखीने विकणारा आला तेव्हा विश्वासाचा प्रश्न आला. १९०० च्या सुमारास मनमाडकडून येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्याला पोहोचली. कापूस गाठी बांधून बाहेर जायला लागला, आणि बाहेरचा माल डब्यांतून आत यायला लागला. कारखान्यात झालेलं पातं हातात घेऊन गिऱ्हाईक विचारतं, "टिकेल का?" करणारा समोर नाही. समोर आहे तो विकणारा. आता त्याचा स्वतःचा खिसा महत्त्वाचा झाला.

आता खिशाबद्दल. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर खिसा कुठे होता? बंडीला एखादा. खरा खिसा म्हणजे कमरेची चंची. पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि अडकित्ता. मराठवाड्यातल्या सामान्य माणसाच्या अंगावर रोज असणारं धारेचं हत्यार कोणतं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर अडकित्ता हे आहे. दोन पाकळ्यांचं, आपोआप झाकलेलं, कोणाला भीती न वाटणारं. म्हाताऱ्या बायकांकडेही असायचं. समोर माणूस आला की अडकित्ता बाहेर निघायचा, तो सुपारी कातरून द्यायला.

मग चाकू कोणाकडे होता? लिहिणाऱ्याकडे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळा विषय इथे आहे.

आपल्याकडे लिहायला बोरू होता. बोरू म्हणजे बारीक वेताची, नळीसारखी काडी. ती तशीच वापरता येत नाही. टोक तिरकं कापायचं, पोट तासून पातळ करायचं, मधोमध चीर द्यायची, मग टोक कशावर तरी टेकवून एका दाबात छाटायचं. छाटणं एका दाबातच व्हायला हवं. दुसऱ्यांदा चाकू फिरवला की टोकाला केस राहतो आणि अक्षर फाटतं. आणि हे एकदाच करून भागत नाही. दिवसभर मोडी लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचा, कारकुनाचा बोरू सारखा बोथट होणार. म्हणून कलमदानात दौत, बोरू आणि शेजारी एक लहान चाकू. फारसीत त्याला कलमतराश म्हणतात, कलम तासणारा. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. वर फारसी, १८८० च्या दशकात तिच्या जागी उर्दू, आणि खाली गावचे हिशेब मोडीत. लिपी कोणतीही असो, काडी तासायला चाकू तोच. इंग्रजीतही गंमत बघा, खिशातल्या छोट्या चाकूला ते आजही 'पेननाइफ' म्हणतात. पीस गेलं, नाव राहिलं.

म्हणजे खिशातल्या मिटत्या चाकूचा पूर्वज कट्यार नाही, बिचवा नाही, जंबिया नाही. ती हत्यारं कमरेला लावली जायची, दिसावीत म्हणूनच. खिशातल्या चाकूचं घराणं लेखणीचं आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याचा आकारही कळतो. पातं बोटाएवढं, कारण काडी बोटाएवढी. टोक बारीक, कारण चीर द्यायची आहे. मिटणारं, कारण कलमदानात आणि खिशात राहायचं आहे.

आता मी तुम्हाला थोडा वेळ लंडनला नेतो. उगाच नाही, तिथे आपल्या जालन्याच्या तरुणाचाच प्रश्न एका माणसाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि तोही दख्खनच्या पोलादावर.

१७९४ मध्ये मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका पोलादाचे नमुने पाठवले. बँक्स तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. पोलादाचं नाव 'वूट्झ', म्हणजे कानडी-तेलुगू 'उक्कु' या शब्दाचं इंग्रजांनी केलेलं रूप. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध लिहिला आणि मथळ्यातच हे पोलाद मुंबईला तयार होतं असं लिहून टाकलं. मुंबईला ते फक्त जहाजावर चढत होतं! तयार होत होतं दक्षिणेत, मातीच्या बंद मुशीत. त्यातलं एक नाव घेण्यासारखं गाव कोनसमुद्रम, आजच्या तेलंगणात, निजामाबादच्या बाजूला. म्हणजे पुढे ज्या हैदराबाद संस्थानात जालना होतं त्याच मुलखातलं. हेन्री व्हॉयसी तिथे जाऊन आले होते, त्यांचं टिपण १८३२ मध्ये छापलं गेलं. इराणचे व्यापारी या गावापर्यंत पोलाद घ्यायला यायचे.

तर बँक्सच्या सांगण्यावरून एका कारागिराने त्या नमुन्यातून एक वस्तू घडवली. तलवार नाही, खंजीर नाही. पेननाइफ! कारागिराचं नाव जेम्स स्टोडार्ट. लंडनला स्ट्रँड रस्त्यावर ४०१ क्रमांकाच्या जागी त्याचं दुकान होतं. शस्त्रक्रियेची हत्यारं, वस्तरे, चाकू. त्याने ते पोलाद अंधारात जेमतेम दिसेल एवढ्या मंद लालीवर ठोकलं, कारण हे पोलाद जास्त तापवलं की घणाखाली त्याचे तुकडे होतात. चाकू उत्तम झाला. घडवायला त्रास आहे, पण आपल्याकडच्या पोलादापेक्षा हे बऱ्याच कामांना सरस आहे, असं मत त्याने दिलं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. स्टोडार्टने आपल्या दुकानाचं कार्ड छापलं, आणि त्यावर लिहिलं की इथली हत्यारं भारतातल्या वूट्झ पोलादाची आहेत आणि अनेक वर्षं दोन्ही वापरून, तुलना करून, श्रीयुत स्टोडार्ट स्वतः युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा हेच पसंत करतात. बघा, दुकानदार काय सांगतोय? माल चांगला आहे एवढंच नाही. मी स्वतः वापरून बघितलाय आणि माझी पसंती ही आहे. हा माणूस पुढे रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. तरुण मायकेल फॅरडेबरोबर त्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, १८२० आणि १८२२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फॅरडेने त्या पोलादाचे वस्तरे मित्रांना वाटले. तिथेही तोच प्रकार: घे, दाढी कर आणि मला सांग.

स्टोडार्टकडून जालन्याच्या पोराला शिकण्यासारखं एवढंच आहे की विकणाऱ्याच्या पसंतीला किंमत वापरातून येते. शोभेचा चाकू खिशात ठेवून ती येत नाही.

आता परत येऊ. जालना आज पोलादाचं शहर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. औद्योगिक वसाहतीच्या बाजूने रात्री गेलात तर भट्ट्यांचा उजेड दिसतो. भंगार वितळवून सळई. पुष्कळांना वाटतं, इतकं पोलाद आहे तर इथला चाकूही इथलाच असेल. तो तरुणही एकदा म्हणाला होता, "सर, जालन्याच्या सळईचा चाकू करून घेतो, आपल्या गावचा!" होत नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, मानकाप्रमाणे जास्तीत जास्त ०.३० टक्के, बऱ्याच प्रतींत त्याहूनही कमी. सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. चाकूला हवी धार, आणि धारेला हवा त्याच्या दुप्पट तरी कार्बन. वूट्झमध्ये तो दीड टक्क्याच्या आसपास असे. म्हणून आपला लोहार सळईकडे बघतही नाही. तो मालमोटारीचा मोडलेला कमानपट्टा शोधतो. त्याला कोणी धातुशास्त्र शिकवलेलं नाही, पण कोणतं लोखंड 'पाणी घेतं' हे त्याला बरोबर कळतं.

बरं, लेखणीच्या घराण्यातला हा साधा चाकू बदनाम कसा झाला?

एक कारण म्हणजे त्याची नोकरी गेली. लोखंडी टाक आला, मग फाउंटन पेन, मग बॉलपेन. बोरू तासायची गरज संपली. शाळेत पेन्सिल होती, पण तिला आम्ही अर्धं ब्लेड वापरलं. कंपासपेटीत ब्लेड आणि बोटाला चिंधी, इथे बसलेल्या अर्ध्या लोकांना आठवत असेल. चाकू कारकुनाच्या खिशातून गेला, आणि त्याची रिकामी जागा सिनेमाने भरली. रामपुरी! उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू, नऊ-नऊ इंची पात्याचा. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारने ज्या थाटात चाकू हाताळला, त्यानंतर पुढची पंधरा-वीस वर्षं हिंदी सिनेमातला गुंड त्याच्याशिवाय पुरा होईना. रामपूरच्या कारागिरांचं त्यात काय भलं झालं? नाव झालं आणि धंदा आक्रसत गेला. २०२३ मध्ये तिथे एका चौकात सहा मीटरपेक्षा लांब चाकू स्मारक म्हणून उभारला. ज्या वस्तूचं स्मारक होतं ती वस्तू बहुतेक वापरातून गेलेली असते.

जपानमध्ये साधारण हेच घडलं. १८७६ मध्ये तिथल्या सरकारने सामुराईंना जाहीरपणे तलवार बाळगायला बंदी केली. तलवारी करणाऱ्या गावांतले लोहार स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि छोट्या चाकूंकडे वळले. १८९० च्या दशकात 'हिगोनोकामी' नावाचा एक अगदी साधा, दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा मिटता चाकू निघाला. तो पोहोचला कुठे? शाळकरी पोरांच्या खिशात, पेन्सिलीला टोक करायला. पुन्हा लेखणीच! मग १९६० मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचे नेते असानुमा यांचा भर सभेत खून झाला. तो झाला आखूड तलवारीने. पण पोरांच्या हाती चाकू नको अशी मोहीम देशभर निघाली आणि शाळकरी चाकू संपला. तलवारीने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला.

इथे दुसरं कलम येतं. मराठीत कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे कायद्याचंही कलम. मूळ शब्द एकच, अरबी-फारसीतून आलेला, त्याच्याही मागे ग्रीक 'कालामोस', अर्थ बोरूचीच काडी.

इंग्रजांनी १८५७ नंतर नि:शस्त्रीकरण सुरू केलं, १८७८ चा शस्त्र कायदा त्यातला प्रसिद्ध. निजामाच्या राज्यात तो थेट लागू नव्हता, पण धंदा तर बदललाच. जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. हे सैन्य १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झालं. ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच पात्यांना जिल्हई द्यायचा, त्या शिकलगारांनी मग काय करायचं? शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल'वरून, म्हणजे चकाकी देणं. आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगार आणि कटारी ही नावं एका नोंदीत आहेत. ज्यांच्या नावातच कट्यार आहे ती माणसं आज कुलपं दुरुस्त करतात, कढया-बादल्या करतात, धार लावतात. आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर येतो, हेही इथे बोललंच पाहिजे. खिशात कोणता चाकू ठेवावा हा प्रश्न तुमच्या-माझ्यासाठी आवडीचा आहे. त्यांच्यासाठी तो रात्री घरी पोहोचण्याचा आहे.

आजचा कायदा काय म्हणतो? १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम. त्यात धारदार शस्त्रांच्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी केलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता हातभर असला तरी ऊसतोडीला चालतो. कायदा लांबी विचारतो आणि त्याबरोबर काम विचारतो. खटक्याच्या चाकूवर कायद्याचा वेगळाच राग आहे. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये अधिसूचना काढली ती ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे फक्त तीन इंच पात्याच्या खटक्याच्या चाकूपासून लागू केली.

आणि आपल्याकडे १९५१ चा पोलीस अधिनियम, कलम ३७. सण, मोर्चा, निवडणूक आली की जालन्याच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी येते, जिल्ह्यात कलम ३७ लागू. त्या आदेशात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, चाकू, काठ्या असं सगळं येऊ शकतं. तिथे इंच कोणी मोजत नाही. त्या तरुणाच्या वडिलांना दिवसभर बसवलं ते अशाच दिवसात. म्हणजे त्या काळात उत्तर सोपं आहे: बंदी असेल त्या दिवशी खिसा रिकामा, चाकू दुकानात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी वकील नाही, पण वडिलांची चूक मला चाकू ठेवण्यात दिसत नाही. ज्या चाकूला दाखवण्यापलीकडे काम नव्हतं तसला चाकू ठेवण्यात दिसते. झडतीत "हा कशाला?" असं विचारलं तर खटक्याच्या चाकूपाशी उत्तर नसतं.

आता तिसरं कलम, आणि ते जालन्याचं खास आपलं. मोसंबीचं.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. प्रत्येक चांगल्या बागेमागे एक चाकू आहे, हे मात्र कोणी बघत नाही. मोसंबी बियांपासून लावत नाहीत. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचं रोप खुंट म्हणून वाढवतात. त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल हलकेच उचलायची, चांगल्या झाडाचा डोळा ढालीच्या आकारात काढायचा, आत सरकवायचा, पट्टीने बांधायचं. डोळा सुकायच्या आत. सरावाचा माणूस हे इतक्या झपाट्याने करतो की बघणाऱ्याला छेद कधी घेतला तेच कळत नाही. त्यासाठी कलमाचा चाकू: मिटणारा, लहान पात्याचा, बऱ्याचदा एकाच बाजूने धार, आणि मागे साल उचलायला हाडाची किंवा प्लास्टिकची चपटी जीभ. बोरू तासायचा चाकू आणि हा चाकू शेजारी ठेवा, भाऊ-भाऊ वाटतील. लेखणीचं कलम गेलं, झाडाचं कलम राहिलं, आणि चाकू एका कलमावरून दुसऱ्यावर गेला.

२०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षं वाढवलेली झाडं लोकांनी कुऱ्हाडीने तोडली. पुन्हा बाग लावायची म्हणजे पुन्हा रोपवाटिका, पुन्हा डोळा, पुन्हा चार-पाच वर्षं फळाची वाट. अशा शेतकऱ्याला रोपात दगा परवडत नाही.

म्हणून मला आधी वाटलं, झालं, उत्तर सापडलं. त्या पोराने कलमाचा चाकू खिशात ठेवावा. त्याला फोन करून सांगितलंही, मोठ्या उत्साहाने. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, त्याने सुतळी कापली तर कलमवाले हसतील मला."

बरोबर होतं त्याचं. एका बाजूची धार सुतळीवर, खोक्यावर, प्लास्टिकवर फिरवली की कलमाला निकामी होते. आणि याहून गंभीर गोष्ट मला नंतर एका रोपवाटिकावाल्यांनी सांगितली. लिंबूवर्गीय झाडांना एक्झोकॉर्टिस नावाचा रोग होतो. तो विषाणूहूनही सूक्ष्म अशा घटकामुळे होतो आणि चाकू-कात्रीच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्या झाडात जातो. झाड लगेच काही दाखवत नाही. काही वर्षांनी खुंटाची साल तडकते, वाढ खुंटते, तोवर चाकू कोणाचा होता हे कोणाला आठवणार? म्हणून जाणते लोक आपला कलमाचा चाकू कोणाला देत नाहीत आणि एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ब्लीचच्या पाण्यात बुडवतात. बागेबागेत फिरणाऱ्या विक्रेत्याने खिशातल्या, दिवसभर वापरलेल्या चाकूने "बघा कसा चालतो" म्हणून कोणाच्या फांदीवर छेद घ्यायचा, हा धंदा नव्हे, अपराध आहे. तो चाकू दाखवायचा तर पेटीतला, कोरा, आणि तोडून आणलेल्या काडीवर.

मग खिशात काय? माझं मत सांगतो, ते त्याने मानलंच पाहिजे असं नाही. जुना कलमतराश. म्हणजे साधा मिटता चाकू, पातं अडीच-तीन इंचाचं, दोन्ही बाजूंनी धार चढवलेला, खटका नाही, नखाने उघडायची खाच आहे आणि पाठीत साधी पट्टी. उघडायला दोन हात लागतात, आणि मला तो गुण वाटतो. समोरच्याला तो उघडताना दिसतो, दचकायला होत नाही. फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा असाच चाकू काढला शेतकऱ्यांसाठी. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने बऱ्याच पात्यांचा चाकू नोंदवला, तो जगभर झाला. चांगल्या वस्तू आहेत. पण जालन्याच्या ताडपत्रीवर बसलेल्या माणसाने परदेशी चाकू खिशातून काढायचा आणि गिऱ्हाइकाला समोरचा देशी विकायचा, हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं. तो स्वतःच्याच मालातला असावा, मधल्या किमतीचा, सगळ्यात महाग नाही. आणि जुना असावा. धार लावून लावून पातं थोडं झिजलेलं. मोसंबी सोलून कार्बनच्या पात्यावर काळा-निळा डाग पडतो, तो पडू द्यावा. नवा चकचकीत चाकू सगळेच दाखवतात. चार वर्षं वापरलेला चाकू फक्त वापरणाराच दाखवू शकतो. स्टोडार्टच्या कार्डावर जे छापलं होतं ते इथे पात्यावरच दिसतं.

मागच्या महिन्यात त्याच्या दुकानापाशी उभा होतो. वडीलही बसले होते. पोराने खिशातून लाकडी मुठीचा चाकू काढला, सुतळी कापली, मिटला, ठेवला. काही बोलला नाही. थोड्या वेळाने वडिलांना गाठोडं सोडायचं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "दे रे इकडे."

*(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक)*

प्रश्न : सर, अडकित्त्याला तुम्ही पहिला मान दिला, मग विक्रेत्याने अडकित्ताच का ठेवू नये? बंदोबस्तातही कोणी अडवणार नाही.

उत्तर : ठेवावा की! पण त्याने सुतळी कापता येत नाही, मी घरी करून बघितलंय. सुतळी पाकळ्यांत अडकते. आणि दुसरं म्हणजे अडकित्ता काढला की समोरचा सुपारीसाठी हात पुढे करतो. मग सुपारीही ठेवावी लागेल.

तोच श्रोता : सुपारी मी आणतो.

उत्तर : मग बसू या.